स्वगत, परगत आणि ‘लबाड’ : जपानी चित्रपट-मालिकांच्या मराठी चाहत्याचा नैतिक प्रश्न

१

परक्या भाषेतील कलाकृतीवर जीव जडण्याची घटना मराठी वाङ्मयव्यवहाराला नवी नाही. किंबहुना आधुनिक मराठी साहित्याचा बराचसा इतिहास अशा जडलेल्या जीवांचाच इतिहास आहे. परंतु समीक्षेने या घटनेचा विचार प्रामुख्याने लेखकाच्या बाजूने केला. परक्या कृतीने भारावलेला लेखक पुढे काय लिहितो, तो अनुकरण करतो की आत्मसात करतो, त्याचे भाषांतर मूळनिष्ठ की स्वैर, असे प्रश्न तिने विचारले. ज्याला काही लिहायचे नाही, भाषांतरही करायचे नाही, जो केवळ पाहतो, पुन्हा पाहतो आणि पाहिलेले मनात वागवतो, अशा चाहत्याचे प्रेम मात्र हौस या सदरात टाकून दिले गेले. हौसेला नैतिक आशय नसतो हे गृहीत धरल्यामुळे एक प्रश्न विचारायचा राहून गेला : जे आपल्यासाठी निर्माण झालेले नाही त्यावर प्रेम करणारा माणूस त्या कृतीचे, ती ज्यांच्यातून आली त्या माणसांचे आणि स्वतःच्या अवतीभवतीच्या माणसांचे काही देणे लागतो काय?

जपानी चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांचा मराठी चाहता हे या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष सोयीचे उदाहरण आहे. जपानी भाषेने महाराष्ट्रावर राज्य केले नाही. नोकरी वा प्रतिष्ठा यांसाठी सर्वसामान्य मराठी माणसाला तिची गरज पडली नाही. शालेय अभ्यासक्रमाने तिचे वाङ्मय त्याच्यावर लादले नाही. त्यामुळे हे प्रेम सक्तीचे नाही आणि फारसे लाभाचेही नाही. त्याची पूर्वपीठिका अर्थात आहे. १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जपानचा सहभाग होता. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, १९६८ साली मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झाले आणि फिल्म सोसायटीच्या चळवळीतून कुरोसावा, ओझू, मिझोगुची ही नावे मराठी चर्चाविश्वात रुळली. कवितेच्या क्षेत्रात शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला. मात्र या साऱ्याचा वावर मुख्यतः मुंबई-पुण्याच्या परिघात होता.

आज तो परिघ उरलेला नाही. जळगाव जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, भुसावळ–खंडवा लोहमार्गावर वसलेल्या रावेरसारख्या तालुक्याच्या गावी बसूनही ओझूचा संपूर्ण चित्रपट किंवा तोक्योत नुकतीच प्रसारित झालेली मालिका भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहता येते. रावेरचा प्रेक्षक भाषेच्या दृष्टीने मुळातच सीमेवरचा आहे. घरात तावडी वा लेवा गणबोली, शाळेत प्रमाण मराठी, पलीकडच्या बऱ्हाणपूरशी व्यवहारात हिंदी आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजी उपशीर्षके, अशा चार पायऱ्या उतरून तो जपानीपर्यंत पोहोचतो. केळीचे घड ज्या रेल्वेने उत्तरेच्या बाजारात जातात, त्याच रेल्वेने शिकलेली मुले पुण्या-मुंबईला जातात आणि मागे राहिलेल्या घरात वृद्ध आईवडील असतात, ही या परिसरातील सार्वत्रिक वस्तुस्थिती होय. प्रस्तुत विवेचनात ‘रावेरचा प्रेक्षक’ म्हणजे कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हे, तर या परिस्थितीतून पाहणारी दृष्टी.

२

रसास्वादात येणाऱ्या सात विघ्नांची जी चर्चा अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त केली आहे, तिच्यातील तीन विघ्ने येथे नेमकी उपयोगी पडतात. पहिले, स्वगतत्व-परगतत्वाच्या नियमाने होणारा देशकालविशेषाचा आवेश : रंगभूमीवरील भाव ‘माझाच’ किंवा ‘त्याचाच’ असे मानून प्रेक्षक एका देशकालात अडकतो. दुसरे, निजसुखादिविवशीभाव : प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका व्यापलेला असतो की समोरचे त्याला दिसत नाही. तिसरे, प्रतीत्युपायवैकल्य : प्रतीती ज्या साधनांनी व्हायची ती साधनेच अपुरी असतात. संस्कृत नाटकाच्या सहृदयाविषयी केलेली ही मांडणी उपशीर्षके वाचत परका चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाला जणू अधिकच लागू पडते.

परगतत्वाचा मोह सहज ओळखू येतो. चेरीचा बहर, चहाचा विधी, तलवार, मौन या साऱ्यांत ‘जपानी’ नावाचे एक गूढ सत्त्व शोधणारा चाहता हौशी प्रवाशासारखा असतो, आणि त्याची थट्टाही बरीच झाली आहे. स्वगतत्वाचा मोह अधिक घातक, कारण तो सद्गुणाच्या वेषात येतो. ‘हे तर अगदी आपल्यासारखेच आहे’ या उद्गारात मानवी ऐक्याची भावना दिसते. पण त्यात समोरच्याला बोलू देण्यापूर्वीच त्याचे म्हणणे समजल्याची ग्वाहीही असते.

हा मोह किती फसवा असू शकतो याचे एक सौम्य उदाहरण दूरदर्शनच्या इतिहासातच आहे. १९९३ मध्ये हिंदीत प्रसारित झालेली आणि गुलजार यांच्या शीर्षकगीतामुळे घरोघरी पोहोचलेली मोगलीची मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ मध्ये निर्माण केली होती. मूळ कथा इंग्रज लेखकाची, तिचे अरण्य सातपुड्याच्या पठारावरील सिवनीचे, चित्रे जपानी आणि बोली हिंदी. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलाने ती ‘आपली’ म्हणून पाहिली, आणि एका अर्थाने ते खरेही होते. परंतु त्या ‘आपले’पणात किपलिंगची वसाहतवादी नजर आणि जपानी चित्रकाराची कल्पना या दोन्ही विरघळून गेल्या होत्या. दुसरे उदाहरण शब्दाचे. कुनिको मुकोदा या श्रेष्ठ मालिकालेखिकेची १९७९ मधील ‘आशुरा नो गोतोकु’ ही मालिका हिरोकाझू कोरे-एदा याने २०२५ मध्ये नव्याने सादर केली. शीर्षकातील ‘आशुरा’ म्हणजे आपलाच ‘असुर’. पण हा शब्द बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात पोहोचेपर्यंत पुराणांतील देवशत्रू मागे पडला होता. बाहेरून सभ्य दिसणाऱ्या आणि आत कलहाने धुमसणाऱ्या माणसांचे ते रूपक झाले होते. घरातून गेलेला शब्द घरी परततो तेव्हा त्याच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

३

स्वगतत्वाच्या मोहाची खरी परीक्षा यासुजिरो ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) या चित्रपटात होते. ओनोमिचीहून वृद्ध शुकिची आणि तोमी तोक्योला मुलांकडे येतात. मोठा मुलगा डॉक्टर, मुलगी शिगे केशभूषेचे दुकान चालवते. दोघांनाही सवड नाही. आईवडिलांना आतामी या उष्ण झऱ्यांच्या गावी पाठवून दिले जाते. युद्धात मेलेल्या मुलाची विधवा नोरिको मात्र नोकरीतून रजा काढून त्यांना शहर दाखवते. परतीच्या प्रवासात तोमी आजारी पडते आणि घरी पोहोचल्यावर मरण पावते. मुले येतात, अंत्यविधी आटोपतात आणि निघून जातात.

हा कथासारांश वाचला की मराठी प्रेक्षकाला ओळख पटते. राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ (१९५४) जवळजवळ त्याच काळातला, आणि त्याचाही विषय मुलांनी दुरावलेल्या वृद्ध शिक्षक-दाम्पत्याचा आहे. वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ने (१९७०) तर या विषयाला मराठी मनात जवळजवळ मिथकाचे स्थान दिले. या परंपरेत वाढलेला प्रेक्षक ओझूच्या चित्रपटाकडे फिर्याद म्हणून पाहू लागतो : मुले कृतघ्न, आईवडील निरपराध. येथे निजसुखादिविवशीभावही मदतीला येतो. कारण ज्याच्या घरातून कोणी गेले आहे, किंवा जो स्वतः घर सोडून गेला आहे, त्याला रडायला स्वतःचे कारण असतेच.

परंतु चित्रपट ही फिर्याद दाखल करून घेत नाही. अनपेक्षित वेळी, जवळजवळ ओझरते, तो वडिलांचा भूतकाळ सांगतो. शुकिची एके काळी फार पीत असे. धाकट्या मुलीच्या जन्मानंतर त्याने ते सोडले. जुन्या मित्रांबरोबर पिऊन तो मध्यरात्री शिगेच्या दारात येतो, तेव्हा तिच्या संतापात केवळ आजची गैरसोय नसते, बालपणाची आठवणही असते. शिगेचा कोरडेपणा त्यामुळे क्षम्य ठरत नाही, पण त्याला इतिहास मिळतो. ज्या क्षणी कृतघ्नतेला इतिहास मिळतो, त्या क्षणी प्रेक्षकाचे न्यायासन डळमळते.

हेच सूत्र अगदी वेगळ्या, भव्य परिमाणात आकिरा कुरोसावाच्या ‘रान’मध्ये (१९८५) आढळते. ‘नटसम्राट’ आणि ‘रान’ यांचे मूळ एकच, शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’. शिरवाडकरांनी राजाचा नट केला आणि त्याला दिलेला भूतकाळ वैभवाचा, कलेचा आहे. म्हणून त्याचे आजचे हाल अधिक जिव्हारी लागतात. कुरोसावाने राजाला दिलेला भूतकाळ रक्ताचा आहे. हिदेतोराने जी राज्ये जाळली त्यांतल्या मुली आज त्याच्या सुना आहेत. काएदे सूड घेते. सुए क्षमा करते, आणि तिच्या डोळ्यांत द्वेष नाही हेच हिदेतोराला अधिक असह्य होते. बेलवलकरांच्या शोकांतिकेचे मोल यामुळे कमी होत नाही. त्यांच्या व्यक्तित्वातील अहंता आणि हेकटपणा शिरवाडकरांनी झाकलेला नाही. तरीही नाटकाचा भावनिक कौल कोणाच्या बाजूने आहे याविषयी प्रेक्षागृहात कधी संदेह नव्हता. मराठी संवेदनेत मातृपितृऋण ही कल्पना इतकी खोल रुजलेली आहे की ऋणकोने धनकोचा हिशेब तपासणे हेच अधर्म्य वाटते. जपानी संस्कृतीतही ऋणाची कल्पना तितकीच प्रबळ आहे, हे विसरता कामा नये. म्हणजे ओझू आणि कुरोसावा ‘जपानी मूल्ये’ सांगत नसून आपल्याच समाजातील एका प्रबळ मूल्याची झडती घेत आहेत. त्यांची कृती ‘त्यांची संस्कृती’ म्हणून पाहणारा चाहता त्यांचे धाडस हिरावून घेतो, आणि ‘आपलीच गोष्ट’ म्हणून पाहणारा त्यांनी विचारलेला प्रश्न चुकवतो.

४

तिसरे विघ्न साधनाचे. ‘टोकियो स्टोरी’च्या अखेरीस सासरा नोरिकोच्या चांगुलपणाची स्तुती करतो, तेव्हा ती ती नाकारते. आपण तितक्या चांगल्या नाही, नवऱ्याची आठवण न येताही दिवस जातात, असे ती सांगते आणि स्वतःसाठी ‘झुरुइ’ हा शब्द वापरते. प्रचलित इंग्रजी उपशीर्षकांत त्यासाठी बहुधा ‘स्वार्थी’ या अर्थाचा शब्द योजलेला असतो. त्यामुळे तिचे बोलणे विनयाचे, फार तर हळव्या आत्मटीकेचे वाटते. पण ‘झुरुइ’ म्हणजे केवळ स्वार्थी नव्हे. खेळात डाव मोडणाऱ्या सवंगड्याला जपानी मुले हाच शब्द वापरतात. त्यात आतबाहेर अंतर ठेवणे, नियम पाळल्याचे दाखवून आपले साधून घेणे हा अर्थ आहे. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘लबाड’ हा होय. नोरिको म्हणते ते असे की तुम्ही ज्याला प्रेम समजता त्यात माझी लबाडी आहे.

हाच शब्द कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये (१९५४) एका निर्णायक क्षणी येतो. शेतकऱ्यांनी मारलेल्या सामुरायांची चिलखते गावात सापडतात आणि भाडोत्री सामुराय संतापतात. तेव्हा जन्माने शेतकरी असलेला किकुचियो शेतकऱ्यांवर दुर्गुणांची सरबत्ती करतो. ते धान्य लपवतात, रडतात, ठार मारतात, आणि ते ‘झुरुइ’ आहेत. मग तो विचारतो की त्यांना असे केले कोणी? गावे जाळणाऱ्या, धान्य लुटणाऱ्या सामुरायांनीच. कुळाला आणि शेतकऱ्याला लबाड ठरवणारी सावकारी व कचेरीची भाषा मराठीला अपरिचित नाही. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्या भाषेचा समाचार घेतला तो १८८३ साली. रावेरचा प्रेक्षक हा प्रसंग पाहताना खऱ्या अर्थाने सहृदय होऊ शकतो. पण इंग्रजी उपशीर्षकांत येथे निराळा, ‘धूर्त’ या अर्थाचा शब्द येतो. तोक्योतील विधवा आणि सोळाव्या शतकातील शेतकरी यांना जोडणारा धागा अशा रीतीने तुटतो. दुबळ्याला जगण्यासाठी करावी लागणारी लबाडी, आणि ती कबूल करण्यातील प्रामाणिकपणा, हा दोन चित्रपटांना सांधणारा विचार इंग्रजीच्या सपाटीवर दिसेनासा होतो.

संबोधनांच्या बाबतीतही हेच घडते. नोरिको सासूसासऱ्यांना आदरार्थी आईवडिलांच्या नात्याने हाक मारते. क्रियापदांतून अंतर आणि जवळीक एकाच वेळी व्यक्त होतात. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांत बारकावा जपणाऱ्या आणि सासऱ्याला ‘मामंजी’, सासूला ‘आत्याबाई’ म्हणणाऱ्या मराठीच्या कानाला हे थेट उमगण्याजोगे आहे. पण इंग्रजीचे एकच द्वितीयपुरुषी सर्वनाम मध्ये उभे राहते. म्हणजे ज्या मार्गाने हे प्रेम येते तोच मार्ग खरे साम्य झाकतो आणि कथासारांशाचे खोटे साम्य पुढे करतो.

मात्र येथेही घाई नको. मराठी ‘लबाड’मध्ये खोटे बोलणाराही येतो, ‘झुरुइ’त तो अपरिहार्य नाही. लाडात लहान मुलाला ‘लबाड’ म्हणताना जी माया असते तिला नोरिकोच्या कबुलीत जागा नाही. शब्द जवळ आला तरी तो तोच होत नाही. पुण्यात जपानी भाषेच्या अध्यापनाची परंपरा कित्येक दशकांची असताना जपानी चित्रपटांची मराठी उपशीर्षके हा अभ्यासाचा आणि व्यवहाराचा विषय का होऊ नये, असे विचारता येईल. त्यामुळे विघ्न नाहीसे होणार नाही, पण ते आपल्या भाषेतले, म्हणून तपासता येण्याजोगे होईल.

५

मालिकांच्या बाबतीत चाहत्याची जबाबदारी अधिक वाढते, कारण मालिका दैनंदिन जीवनात शिरते. सुगाको हाशिदा यांनी लिहिलेली ‘ओशिन’ ही मालिका एनएचकेवर एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ या काळात पंधरा-पंधरा मिनिटांच्या २९७ भागांत प्रसारित झाली आणि पुढे साठांहून अधिक देशांत पोहोचली. यामागाता प्रांतातील कुळाच्या घरातली सात वर्षांची मुलगी तांदळाच्या पोत्याच्या मोबदल्यात कामाला पाठवली जाते, हा तिचा प्रारंभ जगभर गाजला. परदेशी प्रेक्षकांनी ओशिनमध्ये सोसण्याचा आदर्श पाहिला. परंतु मालिकेची चौकट निराळी आहे. म्हातारी, श्रीमंत ओशिन कुटुंबाच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनादिवशीच घरातून निघून जाते आणि या समृद्धीत आपण काय गमावले हे शोधू लागते. सोसण्याची ती केवळ स्तुती नाही. सोसून मिळवलेल्या वैभवाचे ते परीक्षण आहे. खानदेशातील शेतावर राबणाऱ्या स्त्रीचे जीवन जाणणाऱ्या प्रेक्षकाला बालपणीची ओशिन जवळची वाटणे स्वाभाविक होय. पण सोसणाऱ्या स्त्रीचे कौतुक करण्याची सवय आपल्याकडे आधीच एवढी आहे की परक्या मालिकेने त्या सवयीला आणखी एक आधार द्यावा, यात चाहत्याने काहीच मिळवलेले नसते.

परक्या नायिकेवरील प्रेमाला किती गंभीर अर्थ प्राप्त होऊ शकतो, हे इराणमध्ये दिसले. जानेवारी १९८९ मध्ये तेहरान रेडिओवर एका स्त्रीने आपला आदर्श म्हणून फातिमेऐवजी ओशिनचे नाव घेतले, तेव्हा खोमेनी यांनी संबंधित अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. त्यांना शिक्षा झाल्या आणि नंतर माफीही मिळाली. परक्याला आपले म्हणणे म्हणजे आपल्याला परके करणे, ही त्या आदेशामागची धारणा होती.

मराठीत हा प्रश्न वैचारिक पातळीवर आणि सर्वस्वी निराळ्या हेतूने उपस्थित झाला तो देशीवादाच्या चर्चेत. आणि त्याचे प्रवर्तक भालचंद्र नेमाडे हे याच यावल-रावेर परिसरातील सांगवीचे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. देशीवादाचा रोख इंग्रजीच्या वर्चस्वाखाली आपली परंपरा विसरणाऱ्या अनुकरणावर आहे. त्या दृष्टीने जपानी मालिकांत रमणारा रावेरचा तरुण हा मुळे सुटल्याचा आणखी एक पुरावा वाटू शकतो. परंतु अनुकरण आणि अनुराग यांत भेद केला पाहिजे. अनुकरण करणाऱ्याला परक्याची जागा हवी असते. अनुराग्याला परका त्याच्या जागीच हवा असतो. ओझूची कृती तिच्या भाषेत, घरात, ऋणकल्पनेत खोल रुजलेली आहे, म्हणजेच ती पुरेपूर देशी आहे. एका देशी कृतीवर दुसऱ्या भूमीतल्या माणसाने केलेले प्रेम देशीयतेच्या विरोधी नसून तिची कदर करणारे ठरते. अट एवढीच की त्या कृतीचे देशीपण पुसून ते घडू नये. उलट देशीवादाने खरी हरकत घ्यायला हवी ती इंग्रजी उपशीर्षकांच्या मक्तेदारीला.

येथे अभिनवगुप्ताच्या मांडणीलाही एक पुरवणी जोडावी लागते. साधारणीकरणात देशकालविशेष विरतात असे मानले जाते. ‘झुरुइ’च्या उदाहरणावरून दिसते की परक्या कृतीत विशेष विरू देणे म्हणजे अर्थच विरू देणे. तेथे साधारणीकरण विशेषाला ओलांडून नव्हे, तर विशेषातून जाऊनच होते. त्यासाठी लागणारा वेळ, पुन्हा पुन्हा पाहण्याची तयारी आणि ओळख पटल्याची ग्वाही लांबणीवर टाकण्याचा संयम हे चाहत्याचे गुण आहेत. एकदा पाहून निकाल देणाऱ्या परीक्षकापाशी ते असतीलच असे नाही. हौस म्हणून हिणवलेल्या प्रेमाचा नैतिक आशय येथे सापडतो.

या संयमाची कसोटी मात्र जपानमध्ये लागत नाही. २००७ च्या कायद्यानुसार आईवडिलांचा चरितार्थ हे मुलांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते योग्यच आहे. भुकेच्या प्रश्नावर नोरिकोची कबुली हे उत्तर नव्हे. पण कायदा पोटगी ठरवू शकतो. एका घरातील दोन पिढ्यांनी एकमेकांचा भूतकाळ कसा ऐकावा, हे तो ठरवू शकत नाही. ‘टोकियो स्टोरी’ पाहिलेल्या प्रेक्षकाने पुन्हा ‘नटसम्राट’कडे वळावे आणि बेलवलकरांच्या दुःखात तसूभर उणे न करता त्यांच्या मुलीला काय आठवत असेल असा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. नाटक त्याचे उत्तर देणार नाही. पण तो प्रश्न सुचला असेल तर परक्यावरील प्रेम वाया गेलेले नाही. आणि तो न सुचताच डोळे पुन्हा पूर्वीसारखे भरून आले असतील, तर त्याने पाहिलेले सारे जपानी चित्रपट मराठीच होते असे म्हणावे लागेल.